उलटे स्नानगृह

एजिदिओ सांतारेल्लीला आता दोनच गोष्टी दिसत: खिडकी, आणि खिडकीच्या आड उभे राहिलेले माणूस. बाकीचे जग तांब्यावर चित्रे कोरण्याच्या धंद्यातल्या तेजाबाच्या वाफांनी चाळीस वर्षांत सावकाश पुसून नेले होते. तरी रोज सकाळी, वाइनमध्ये बुडवलेला पाव खाऊन झाला की तो मुलीला सांगे, "ओर्सोला, अंतोनियाना काढ गं." मग ओर्सोला कपाटातून तांब्याचा तो जुना पत्रा काढून त्याच्या मांडीवर ठेवी, आणि म्हातारा तर्जनीने त्यावरच्या रेघा चाचपत निघे. आधी डावीकडच्या गोल दालनाची फुटकी कमान, मग जाड खांब, खांबाला बांधलेली दोरी, आणि दोरीखाली, जवाच्या दाण्याएवढी, चादर वाळत घालायला एक हात उंचावलेली बाई. तिथे पोचले की बोट थांबे.

"बाबा, बोटाचा घाम लागून तांबं हिरवं पडतं," ओर्सोला म्हणे.

"मग पुसायला तू आहेस की."

"चौतीस वर्षांनी बायकोला इतकं कुणी कुरवाळत नाही."

"जिवंत होती तेव्हा कुरवाळायला गेलो तर हात झटकायची. आता कुठं जाईल?"

ती बाई म्हणजे पेलाजिया, ओर्सोलाची आई. एकोणीस वर्षांपूर्वी तापाने गेली. तिचे दुसरे चित्र नव्हते. जन्मभर इतरांसाठी चित्रे कोरणाऱ्याने घरच्या बाईचे चित्र काढत बसावे, एवढी सवड त्या धंद्यात कोणालाच मिळत नसे.

शहराच्या दक्षिण टोकाला, द्राक्षमळ्यांत उभ्या असलेल्या त्या अवशेषांना रोमचे लोक अंतोनियाना म्हणत. सख्ख्या भावाचा खून करून एकट्याने सिंहासनावर बसलेल्या एका सम्राटाने, आपले हात स्वच्छ आहेत असे लोकांना वाटावे म्हणूनही असेल कदाचित, एका वेळी सोळाशे माणसे न्हाऊ शकतील असे स्नानगृह तिथे बांधले. तीनशे वर्षे लोक न्हाले. मग वेढा घालून बसलेल्या गॉथांनी पाण्याचे पाट तोडले, आणि गॉथ रानटी ठरले. पुढली हजार वर्षे सुसंस्कृत रोमनांनी तिथला संगमरवर भट्टीत जाळून त्याचा चुना केला, पोपच्या आप्तांनी जमिनीत उरलेले पुतळे खणून आपल्या महालांत नेले, आणि त्यांना मात्र कलेचे आश्रयदाते म्हणण्यात आले. अखेरीस विटा, गवत आणि शेळ्या एवढेच राहिले. जे राहिले ते उचलून नेता येत नव्हते, म्हणून त्याचे चित्र काढून विकण्याची टूम निघाली. उत्तरेकडून येणारे श्रीमंत तरुण असली चित्रे गठ्ठ्याने नेत. त्यांत कोपऱ्यात एखादा गुराखी, एखादा भिकारी, एखादी कपडे वाळत घालणारी बाई घालायचा रिवाज होता; भिंत किती उंच आहे ते कळावे म्हणून. माणूस तिथे मोजपट्टी म्हणून उभा असे, आणि मोजपट्टीला नाव विचारायची पद्धत नसते.

तांब्यावर जे डावीकडे कोरावे ते कागदावर उजवीकडे उमटते. म्हणून या धंद्यातला माणूस आरशात बघून सगळे उलटे कोरतो, ठसा सुलटा यावा यासाठी. पहिल्या महिन्याच्या उमेदवारालाही हे ठाऊक असते. एजिदिओने मात्र लग्नाच्या वर्षी, अंतोनियानात बसून, समोर जसे दिसले तसेच तांब्यावर कोरले होते. साहजिकच कागदावर अख्खे स्नानगृह उलटे उमटले. डावीकडचे गोल उष्णदालन उजवीकडे गेले, मावळतीचे ऊन उगवतीचे झाले. गल्लीभर हसू झाले. "नवी बायको जेवण घेऊन समोर बसल्यावर डावं-उजवं कशाला कळतंय!" त्या दिवसापासून तो 'एजिदिओ उलटा' झाला. पुढे त्याने दोनशे पत्रे सुलटे कोरले. नाव काही सुलटे झाले नाही. तो ठसा खपला मात्र सर्वांत जास्त. विकत घेणाऱ्यांपैकी एकानेही तो अंतोनियानाशी ताडून पाहिला नव्हता.

या गोष्टीला चौतीस वर्षे झाली, तेव्हा ऑक्टोबरातल्या एका सकाळी अबाते तेओफ्रास्तो गालूझ्झी बापलेकीच्या ठशांच्या दुकानाच्या पायऱ्या चढून आले. अबाते म्हणजे पाद्र्याचा काळा झगा घातलेला, पण कोणतीही वेदी न सांभाळणारा विद्वान. रोममध्ये त्यांची संख्या चिमण्यांच्या खालोखाल होती. गालूझ्झी एका कार्डिनलच्या ग्रंथालयात बसून सोळा वर्षे प्राचीन स्नानगृहांवर ग्रंथ लिहीत होते. सडपातळ, सतत खोकणारा माणूस. नाकाशी सिरक्यात बुडवलेला रुमाल असे, कारण शहराबाहेरची हवा वाईट असते असे त्यांनी अनेक ग्रंथांत वाचले होते.

"सिन्योर सांतारेल्ली," ते खुर्चीवर टेकत म्हणाले, "तुमच्या अंतोनियानाच्या ठशावर माझा ग्रंथ उभा आहे."

"पाया जरा बघून घ्यायचा होता, महाराज," एजिदिओ म्हणाला.

अबात्यांपर्यंत विनोद पोचला नाही. त्यांनी ठसा गुडघ्यांवर पसरला. "हे बघा. तुम्ही खाली लिहिलंय, आवेंतीन टेकडीच्या दिशेनं पाहताना. म्हणजे आपला उजवा हात ईशान्येला. बरोबर?"

"बरोबर."

"उष्णदालन उजवीकडं. ऊनही उजवीकडून येतंय. आता सांगा, ईशान्येचं ऊन कधीचं असतं?"

"सकाळचं."

"सकाळचं!" अबात्यांना खोकला आला, तो ओसरेपर्यंत त्यांचे एक बोट विजयी मुद्रेने वरच राहिले. "म्हणजे ते लोक सूर्योदयाला न्हात होते. आजचे आळशी लोक तिसऱ्या प्रहरी न्हातात. ज्यांनी जग जिंकलं ते पहाटे न्हाले. माझ्या ग्रंथाचं हेच तर हृदय आहे."

ओर्सोला शाई घोटत होती. तिच्या यंत्रावरून आजवर बरेच विद्वान छापून गेले होते, आणि छापताना ती वाचतही असे. "पण जुने ग्रंथकार तर न्हायची वेळ आठव्या तासाची सांगतात ना, महाराज? म्हणजे दुपार टळल्यावरची?"

अबात्यांनी तिच्याकडे वळून पाहिले. "सगळ्या पोथ्यांत तसं आहे खरं. नकलाकारांची चूक. मी बारा ठिकाणी दुरुस्त केली आहे."

एका चित्राखातर बारा प्राचीन ग्रंथकार खोटे ठरले होते. विद्वत्तेला पुरावा कधी कमी पडत नाही. आणि नको असतो तेव्हा तो कोणा मेलेल्या नकलाकाराच्या माथी मारता येतो. ओर्सोलाने शाईत मान घातली. तिने बापाकडे पाहिले नाही, कारण पाहिले असते तर तिला हसू आवरले नसते.

"हा पत्रा मला ग्रंथासाठी हवा," अबाते म्हणाले. "एकच बदल. ही धोबीण इथं शोभत नाही. पहाटेची पवित्र वेळ, विश्वविजेत्यांचं स्नान, आणि मध्येच ओल्या चादरी! ही घोटून काढायची. हिच्या जागी झगा घातलेला प्राचीन नागरिक, स्नानाला निघालेला. ते माझा माणूस करील, तुम्हाला त्रास नको. सोमवारी पत्रा न्यायला येतो. आणि ग्रंथाची सगळी चित्रं तुमच्या मुलीच्या यंत्रावर छापू. तीन वर्षं पुरेल इतकं काम आहे."

ओर्सोलाचा हात थांबला. पत्रा म्हाताऱ्याच्या मांडीवरच होता आणि त्याचे बोट दोरीखाली.

"न्या," एजिदिओ म्हणाला.

दुपारी ताटात पाव आणि कडवट पालेभाजी होती. ओर्सोलाने बापाच्या हातात पाव दिला, तो जरा जोरातच.

"पाव दिलास की फेकून मारलास?"

"तुम्ही 'न्या' म्हणालात कसं?"

"माझं वय बघ. मी गेल्यावर एकट्या बाईच्या यंत्राकडं कोण फिरकणार? कार्डिनलच्या माणसाचं काम इथं झालं असं कळलं की चारजण आपोआप येतील."

"आणि आई?"

"ती माझ्या बोटात आहे."

"बोट तांब्यावर असतं तेव्हा."

म्हातारा पाव चावत राहिला.

"त्यांना सांगून टाका ना, ठसा उलटा आहे म्हणून," ओर्सोला म्हणाली. "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या पावाच्या भट्टीवाल्याला ठाऊक आहे. एक त्या अबात्यांनाच नाही. कळलं की तेच पत्रा नको म्हणतील."

"सांगायचं नाही."

"एका चुकीची इतकी लाज? चौतीस वर्षांनी?"

'चूक' हा शब्द ऐकून एजिदिओचे तोंड क्षणभर उघडले. मग त्याने पालेभाजी पुढे ओढली. "मीठ कमी आहे," तो म्हणाला.

ओर्सोलाला आपला बाप भित्रा वाटला, आणि बाप भित्रा वाटला की मुलीला जेवढा राग येतो तेवढा तिला आला. त्या रागाच्या भरातच तिने संध्याकाळी यंत्र चालवले. पत्र्याला शाई लावून पुसली, ओला कागद ठेवला, दोन लाटांमधून, म्हणजे यंत्राच्या जाड रुळांमधून, दाबून ठसा काढला. पण तिथे ती थांबली नाही. शाई ओली असतानाच त्या ठशावर दुसरा कोरा ओला कागद ठेवून तिने दोन्ही पुन्हा यंत्रातून काढले. या दुसऱ्या कागदाला धंद्यात प्रतिठसा म्हणतात. तो फिकट येतो, पण ठशाचा आरसा असतो, म्हणजे तांब्यावर जसे आहे तसेच त्यात उमटते. कोरताना चूक झाली का ते बघायला तो काढतात, आणि बघून फेकून देतात.

तिने कागद सोडवून उजेडाला धरला. गोल दालन डावीकडे होते, जिथे ते खरोखर होते. ऊन मावळतीचे होते. आणि त्या उन्हाकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईने डावा हात उंचावला होता. आई डावखुरी होती हे ओर्सोलाला आठवत होते. पाव छातीशी धरून, सुरी डाव्या हातात घेऊन ती काप काढी, तेव्हा वाटे की आता स्वतःलाच कापून घेते. पण कागदावर ती आजवर नेहमी उजव्या हाताचीच पाहिली होती. त्यात काही वेगळे आहे असे कधी मनातही आले नव्हते. ओर्सोला तो फिकट कागद धरून बराच वेळ उभी राहिली. राग मात्र तिने जपून ठेवला. उद्या तो लागणार होता.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयाच्या दारात जाऊन उभी राहिली. "महाराज, सोमवारी पत्रा हवा असेल तर आज माझ्याबरोबर अंतोनियानात चला."

"तिथं? पण तिथली हवा..."

"ऑक्टोबरातली हवा आहे. तिथले शेळ्या राखणारे जिवंत आहेत, महाराज, आणि त्यांनी एकही ग्रंथ वाचलेला नाही."

अबाते आले. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पुष्कळ विद्वान आले नसते. खेचराच्या गाडीत ते रुमाल नाकाशी धरून बसले होते. द्राक्षमळ्याच्या फाटकातून दोघे गवतात शिरले, तेव्हा दुपार कलली होती. आत, खांबांच्या मधल्या जागेत, वस्तीतल्या तीन बायका कपडे वाळत घालत होत्या.

"काय गं," त्यांतली एक जाडजूड बाई ओर्सोलाला ओरडली, "म्हातारबुवांना न्हाऊ घालायला आणलंस होय? उशीर केलास! पाणी हजार वर्षांमागंच गेलं!"

"साबण तरी आणलाय का विचार!" दुसरी म्हणाली.

अबात्यांना ते ऐकू आले नाही. ते ठसा पसरून मधोमध उभे होते. त्यांनी आवेंतीन टेकडीकडे तोंड केले. उजवा हात पसरला. उजवीकडे सपाट पडकी भिंत होती, सावलीत. त्यांनी कागदाकडे पाहिले, मग डावीकडे. डावीकडे त्या प्रचंड गोल दालनाचे फुटलेले अर्धे अंग आभाळात उभे होते, आणि त्यातून उतरते ऊन वाहून येत होते. ऊन त्यांच्या डाव्या गालावर पडले होते. त्यांनी गालाला हात लावून पाहिला. मग ते स्वतःभोवती एकदा फिरले, जणू इमारत आपली चूक सुधारील. तिने सुधारली नाही. तेव्हा त्यांनी ठसा पाठीकडून उन्हासमोर धरला. उन्हात कागद पारदर्शक झाला आणि पलीकडचे चित्र उलटून दिसू लागले: कमानीवर कमान बसली, खांबावर खांब.

ओर्सोलाने वाटेत एक वाक्य घासूनपुसून तयार ठेवले होते. चांगले धारदार होते. ते बोलायला ती पुढे आली, तर अबाते एका विटांच्या ढिगावर बसले होते.

"सोळा वर्षं," ते म्हणाले.

ती ढिगापाशी थांबली.

"मी रोज पहाटे उठतो. विहिरीच्या पाण्यानं न्हातो. थंड. जानेवारीतसुद्धा. म्हटलं, त्यांनी जे केलं ते आपण करून बघितल्याशिवाय त्यावर लिहू नये." त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती लवकर थांबली नाही. "वैद्य म्हणायचा, सोड. मी म्हणायचो, प्राचीनांनी सोडलं नव्हतं."

ते धारदार वाक्य ओर्सोलाला आता आठवेना. तिने खांद्यावरची शाल काढून त्यांच्या पाठीवर टाकली. तिचा तिलाच राग आला, पण शाल परत घेतली नाही. मग तिने प्रतिठसा काढून त्यांच्या हातात दिला. "हे तांब्यावर आहे तसं. खरं आहे तसं."

अबात्यांनी तो बराच वेळ पाहिला. दोऱ्यांवरच्या चादरी वाऱ्याने फडफडत होत्या.

"इथं येतं कोण?" ते शेवटी हळूच म्हणाले. आवाज कबुलीजबाब देणाऱ्यासारखा होता. "मी सोळा वर्षांत आलो नाही. माझे वाचक येतील? तुझ्या वडिलांनी एक ओळ लिहून द्यावी. चित्र जागेवर बसून, पहाटे, जसं दिसलं तसं काढलं. बस. मग माझं प्रकरण राहील. आणि धोबीणही राहील. तिला मी हात लावणार नाही. काम तुझ्याकडंच."

ओर्सोलाने मनात हिशेब केला नाही असे नाही. एक खोटी ओळ, आणि आई तांब्यावरून पुसली जाणार नव्हती. ज्या शहरात बारा ग्रंथकार एका झटक्यात दुरुस्त होतात, तिथे आणखी एका ओळीने काय होणार?

"बाबांना विचारू," ती म्हणाली.

एजिदिओने सगळे ऐकून घेतले. आपल्या मनाविरुद्ध मुलगी अबात्यांना तिकडे घेऊन गेली हे कळल्यावर त्याच्या कपाळावरची शीर उठली, पण पाहुण्यासमोर तो काही बोलला नाही.

"जागेवर बसून, जसं दिसलं तसं काढलं, हे लिहून देतो," तो म्हणाला. "ते खरंच आहे. पहाटे हे खोटं आहे. मी पहाटे कधी उठलो नाही."

"एका शब्दाचा प्रश्न आहे, सिन्योर," अबाते म्हणाले. "तुमची चूकही झाकली जाईल."

"चूक झाली नव्हती."

ओर्सोलाने मान वर केली.

"मी मुद्दाम केलं," एजिदिओ म्हणाला. "माझी बायको डावखुरी. डोंगरातल्या गावची. तिथं डावखुरी पोर म्हणजे घराला अपशकुन. लहानपणी तिचा डावा हात कमरेला बांधून ठेवायचे. लग्नाच्या जेवणात माझ्या आत्या टक लावून बसलेल्या, ही पेला कोणत्या हातानं उचलते ते बघायला. तिनं उचललाच नाही. दिवसभर तहानलेली राहिली." तो थोडा थांबला. "मी अंतोनियाना कोरायला जायचो तेव्हा ही जेवण घेऊन यायची, आणि तिथल्या बायकांना कपडे वाळत घालायला हात लावायची. तिथं कुणी बघत नव्हतं. डाव्या हातानं चादर अशी भिरकवायची की दोरीवर एक सुरकुती नाही. म्हटलं, तुला चित्रात घालतो. तर म्हणाली, घाल, पण शंभर घरांत मला डावखुरी टांगू नकोस."

"मग उजव्या हाताची काढायची," अबाते म्हणाले.

"बसलो काढायला. दुसरीच कुणी बाई व्हायला लागली."

ओर्सोलातली कारागीर आता गप्प बसेना. "इमारत तेवढी उलटी कोरायची आणि आईला सरळ ठेवायची. कागदावर इमारतही सुलटी आली असती आणि आईही उजव्या हाताची."

"शाबास. शोभतेस. तेही करून बघितलं. पण मग उन्हाची बाजू फिरली आणि ती नाही फिरली. ऊन पाठीवर आलं, तोंड अंधारात गेलं. ती तर ऊन तोंडावर घेऊन उभी होती."

"तोंड केवढं ते बाबा? तिळाएवढं."

"तिळाएवढंच. पण काळं." एजिदिओने खांदे उडवले. "म्हणून मग अख्खं स्नानगृहच फिरवलं. सम्राटाला काय, तो मेलेला होता. तांब्यावर सगळं खरं राहिलं, ते माझ्यापुरतं. कागदावर तिला हवं तसं. लोक मला हसले. म्हटलं हसा. मला हसायच्या नादात तिच्या हाताकडं कुणी बघितलं नाही."

अबात्यांनी मांडीवरचा फिकट कागद पुन्हा निरखून पाहिला. मग अबाते म्हणाले, "म्हणजे माझे बारा ग्रंथकार एका बाईच्या लाजेपायी खोटे पडले."

"बाईच्या लाजेपायी नाही, महाराज," ओर्सोला म्हणाली. "तुम्ही बघायला गेला नाहीत, म्हणून."

"ओर्सोला," एजिदिओने दटावले.

"बोलू द्या," अबाते म्हणाले. "तिनं मला शाल दिली आहे."

पण ओर्सोलाचे लक्ष आता त्यांच्या मांडीवरच्या फिकट कागदाकडे गेले होते. बापाने एवढी वर्षे झाकलेला हात तिने स्वतः, भर दुपारी, एका परक्याच्या हातात नेऊन दिला होता. तिचे कान तापले. "तो कागद द्या इकडं," ती म्हणाली.

अबात्यांनी तो दिला नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवला. "ग्रंथात हाच घातला तर? हाच, धोबिणीसकट. मी प्रकरण पुन्हा लिहितो. उष्णदालन नैर्ऋत्येला, स्नान दुपारचं. बारा जणांची क्षमा मागतो. प्रत्येक प्रतीसाठी ठसा काढून त्याचा प्रतिठसा काढायचा, म्हणजे मेहनत दुप्पट, पण काम सगळं तुझंच."

ओर्सोलाने बापाकडे पाहिले. पत्रा शाबूत राहत होता, काम मिळत होते, आणि खोटे एक अक्षर नव्हते.

"नाही," एजिदिओ म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली, बाबा."

"शब्दाला नाही झाली."

"आज असती तर तीच हसली असती तुम्हाला. आत्या मेल्या, गाव सुटलं. कोण बघतंय आता कोणत्या हाताकडं?"

"असेल. हसलीही असती. पण तसं तिनं मला सांगितलं नाही, आणि मी तिच्या वतीनं ठरवायचं नाही." त्याचा आवाज मऊ झाला. "ऐक. माझ्यामागं पत्रा तुझा. शब्द माझा होता, तुझा नाही. तेव्हा तू तिची लेक म्हणून काय ते ठरव. जगाला दाखव, नाहीतर पाण्यात टाक. मी आहे तोवर नाही."

ओर्सोलाला रडू येईल असे वाटले, म्हणून ती यंत्राची लाट पुसू लागली. लाट स्वच्छच होती. तीन वर्षांचे काम गेले होते. बाप भित्रा नव्हता, हे मात्र तिला आता कळले होते. आणि हे कळायला तिला तिशीपर्यंत थांबावे लागले याचे तिला वाईट वाटले.

अबात्यांनी प्रतिठसा घडी न घालता, जपून, तसाच सपाट, तिच्यासमोर ठेवला.

"मग मी थांबतो," ते म्हणाले. "सोळा वर्षं चुकीच्या गोष्टीसाठी थांबलो. बरोबर गोष्टीसाठी थांबायला काय झालं?"

"तुम्हाला फार फार थांबावं लागो, महाराज," ओर्सोला म्हणाली.

हा विनोद मात्र अबात्यांपर्यंत सरळ पोचला. "आमेन," ते म्हणाले. "विहिरीचं थंड पाणी आजपासून सुटलं. म्हणजे माझीही काही वर्षं वाढलीच असतील."

पुढच्या मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, ते पुन्हा दुकानात हजर झाले. हातात कोऱ्या कागदांची चळत आणि दौत होती, आणि शाल धुऊन आणली होती. प्रकरण पुन्हा लिहायचे तर अंतोनियाना वीट न् वीट माहीत असणारा माणूस हवा, आणि ग्रंथालयात तसा कोणी नव्हता. एजिदिओ भिंतीला टेकून बसला होता. ओर्सोलाने दोघांच्या मधे निखाऱ्यांची शेगडी सरकवली आणि ती आपल्या यंत्राकडे गेली.

"कुठून सुरुवात करू?" अबात्यांनी लेखणी बुडवत विचारले.

"आधी पाय नीट शेकून घ्या," एजिदिओ म्हणाला. "मळ्याच्या फाटकातून आत शिरायचंय, आणि तिथं गवत ओलं असतं."